लॅपटॉपपुढे वाकलेली मान आणि ७ हजारांचा मॉनिटर

हा लेख वाचताना एक काम करा. घरात आत्ता कुणी लॅपटॉपवर काम करत बसलं असेल, तर त्या व्यक्तीकडे बाजूने बघा. कान खांद्याच्या रेषेत आहे की खांद्याच्या पुढे आलाय? बहुतेक पुढेच आलेला असेल. हनुवटी खाली, पाठीची कमान झालेली आणि मनगटं लॅपटॉपच्या कडेवर टेकवलेली. आता तुम्ही ‘नीट बस गं’ म्हणाल, ती दोन मिनिटं ताठ बसेल आणि परत तशीच होईल.

यात तिचा दोष फारसा नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले असतात. कीबोर्ड हाताला सोयीच्या उंचीवर ठेवला की पडदा पार खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून लॅपटॉप उंचावर ठेवला की हात उचलून टाइप करावं लागतं आणि खांदे भरून येतात. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. ५ किलो तांदळाची पिशवी छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक आहे, तोच ताठ मान आणि पुढे झुकलेली मान यात आहे. एखाद्या ईमेलपुरतं ठीक आहे हो. पण मार्च २०२० पासून कितीतरी घरांत लॅपटॉप हेच ऑफिस झालं, आणि मूळचं प्रवासासाठी बनवलेलं हे यंत्र आपण दिवसाचे आठ तास, तेही गादीवर किंवा डायनिंग टेबलवर, वापरायला लागलो.

घरातल्या कुणाची मान दुखते हेही बघण्यासारखं असतं. ज्याची नोकरी ‘मोठी’, त्याला टेबल-खुर्ची मिळते. शिकवणी घेणारी, घरून हिशेब लिहिणारी किंवा कॉलेजचं प्रोजेक्ट करणारी व्यक्ती मात्र पलंगाच्या कडेवर. माझी आई वडोदऱ्याला घरून चार-पाच छोट्या व्यापाऱ्यांचं अकाउंट्सचं काम करते. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, म्हणजे ५ पासून २० पर्यंत तिचा लॅपटॉप बंदच होत नाही. व्यापारी बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. आई फोनवर फोटो मोठा करून रक्कम बघणार, ती डोक्यात धरणार, मग खाली मान घालून टॅलीत भरणार. दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा मान वर-खाली. मॉनिटरचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, “अगं, माझं काय, दोन-तीन तासांचं तर काम. तू तुझ्यासाठी घे.” आणि त्याच महिन्यात ती मानेच्या शेकासाठी फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळा जाऊन आलेली असायची. तो खर्च औषधपाण्यात जायचा, म्हणून कुणाला खर्च वाटायचा नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मॉनिटर हे औषध नव्हे. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, दुखणं खांद्यातून हातात उतरत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. मी सांगतेय ते रोजच्या वाईट बसण्याबद्दल.

आधी हजार रुपयांचा प्रयोग

मॉनिटर घेण्याआधी एक आठवडा हे करून बघा. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं किंवा जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवा, इतका की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा बोटभर खाली येईल. टायपिंगसाठी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. साध्या वायरवाल्यांची जोडी हजाराच्या आत येते. ज्यांचं काम एका वेळी एकाच खिडकीत चालतं, त्यांचं भागतंही एवढ्यात. कीबोर्ड-माउस वाया जात नाहीत, कारण पुढे मॉनिटर घेतला तरी ते लागणारच.

एवढं करूनही अक्षरं वाचायला पुढे झुकावं लागत असेल, किंवा दोन गोष्टी शेजारी शेजारी लावून काम करायचं असेल, तर मॉनिटरचा विचार करा. आईला दोन्ही अडचणी होत्या. फोटो एकीकडे आणि टॅली दुसरीकडे असं १४ इंचांत मावत नाही. मावलं तर दिसत नाही.

“टीव्ही आहे की घरात!”

हे वाक्य प्रत्येक घरात येतं, बहुधा बाबांकडून. टीव्हीला एचडीएमआय असतं, लॅपटॉपलाही असतं, वायर लावली की चित्र येतं. मग अडचण काय?

अंतराची. टीव्ही सात-आठ फुटांवरून बघायला बनवलेला असतो, मॉनिटर हातभर अंतरावरून. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे एका इंचात ४९ च्या आसपास. २२ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० आणि १०८० ठिपके असतात, म्हणजे एका इंचात शंभराच्या वर. हातभर अंतरावरून त्या टीव्हीवरची अक्षरं जाळीदार दिसतात. शिवाय बरेच टीव्ही लॅपटॉपचं चित्र किंचित मोठं करून कडा कापतात, त्यामुळे खालची पट्टी अर्धी गायब होते. ते सेटिंगमधून दुरुस्त होतं, ठिपके मात्र वाढत नाहीत. आणि संध्याकाळी सात वाजता टीव्ही कुणाचा, हा प्रश्न तुमच्या घरात तुम्हीच सोडवा.

अर्थात, सुट्टीचे फोटो सगळ्यांना दाखवायला किंवा आजीला नातवाचा ऑनलाइन कार्यक्रम बघायला टीव्हीसारखं काही नाही.

काय घ्यावं

आठ तास लिहिणं-वाचणं करणाऱ्या माणसासाठी माझं मत सरळ आहे: २२ किंवा २४ इंच, फुल एचडी, आयपीएस पॅनेल. सध्या साध्या नव्या मॉनिटरचे भाव ६ ते ९ हजारांत फिरतात आणि सेलमध्ये हजारभर इकडे-तिकडे होतात. आयपीएस म्हणजे बाजूने किंवा खालून पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. ‘टीएन’ प्रकारात मान जरा हलली की चित्र फिकट किंवा काळपट दिसतं. घरात मॉनिटर दोघा-तिघांनी वापरायचा तर आयपीएसच हवा.

साडेतीन-चार हजारांत १८-१९ इंची मॉनिटर दिसतात. त्यांचे ठिपके बघा; अनेकदा तेही १३६६ आणि ७६८ च असतात. तुमच्या लॅपटॉपचा पडदा फुल एचडी असेल, तर पैसे देऊन कमी जागा विकत घेतल्यासारखं होतं. उलट ‘घ्यायचाच तर मोठा घेऊ’ म्हणून २७ इंची फुल एचडी घेतला, तर ठिपके तेवढेच आणि पडदा मोठा, त्यामुळे अक्षरं जाडसर दिसतात. चाळिशी ओलांडलेल्यांना मोठी अक्षरं आवडू शकतात, त्यांनी दुकानात जाऊन स्वतः वाचून बघावं.

खेळांसाठीचे १४४ हर्ट्झ वगैरे आकडे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाने सोडून द्यावेत. ‘आय केअर’चं स्टिकर पाहून जास्त पैसे मोजू नका. त्याच ओघात निळा प्रकाश अडवणारा चष्माही गळ्यात मारला जातो. २०२३ मधल्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये अशा चष्म्यांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलेलं नाही.

मागची बाजू मात्र नक्की बघा. एचडीएमआय आहे ना? वॉल-माउंटसाठी चार स्क्रूंची छिद्रं आहेत का? (ही छिद्रं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात.) स्वस्त मॉनिटरचा स्टँड वर-खाली होत नाही, तेव्हा दिवाळी अंक तयारच ठेवा. बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागच्या लेबलवर असायला हवा. आणि स्पीकर आहेत का, हे गृहीत धरू नका. स्वस्त मॉनिटरमध्ये बहुधा नसतात.

जुना घ्यायचा असेल तर आपल्या देशात जागांची कमी नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटर. ऑफिसांनी काढून टाकलेले चांगल्या कंपन्यांचे मॉनिटर तिथे नव्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात, आणि त्यांचे स्टँड अनेकदा नव्या स्वस्त मॉनिटरपेक्षा उत्तम असतात: वर-खाली होणारे, उभे फिरणारे. मात्र आपला लॅपटॉप आणि वायर सोबत न्या, पंधरा मिनिटं चालू ठेवून बघा. पूर्ण पांढरं पान उघडा म्हणजे पिवळे डाग आणि अंधारे कोपरे दिसतात. पूर्ण काळं चित्र लावा म्हणजे कडेने झिरपणारा प्रकाश कळतो. बटणं सगळी दाबा. मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर लागत असेल तर तो मूळचा आहे का विचारा, कारण कुणाला १२ व्होल्ट लागतात तर कुणाला १९, आणि घरातला कुठलाही अडॅप्टर खोचून बघणं धोक्याचं आहे. दुकानदार ‘गॅरंटी’ तोंडी देत असेल तर ती बिलावर लिहून घ्या.

वायरीचा घोळ

लोक अडतात ते इथे. लॅपटॉपला पूर्ण आकाराचं एचडीएमआय असेल तर काहीच प्रश्न नाही, वायर बरेचदा मॉनिटरबरोबरच येते. पातळ, नव्या लॅपटॉपना फक्त टाइप-सी असतं, आणि तिथे एक मेख आहे: प्रत्येक टाइप-सी भोकातून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. भोकाशेजारी वीजेचं किंवा डिस्प्लेपोर्टचं छोटं चिन्ह असेल तर आशा आहे. चिन्ह नसेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या माहितीपानावर ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोधा. मिळाले तर टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर चालेल. फोनच्या चार्जरची वायर इथे कामाची नाही.

जुन्या मॉनिटरला पंधरा टाचण्यांचं निळं व्हीजीए असतं. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेली ही जोडणी अजून टिकून आहे! लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल, तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर घ्या. उलट परिस्थितीत, म्हणजे जुना व्हीजीए लॅपटॉप आणि नवा एचडीएमआय मॉनिटर, तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ लागतो आणि तो वेगळा असतो. दिसायला दोन्ही सारखे, पण काम एकाच दिशेने करतात. दुकानात ‘लॅपटॉपच्या बाजूला हे, मॉनिटरच्या बाजूला ते’ असं बोट दाखवून सांगा.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर एचडीएमआयची साधी वायर सहसा विनातक्रार चालते. यूएसबीतून चित्र काढणाऱ्या काही डॉकना मात्र सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि ते टाकण्याची परवानगी कंपनी देत नाही. आधी आयटीवाल्यांना विचारा. मॅकबुक एअरच्या एम-१ आणि एम-२ मॉडेलना अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो, तेव्हा दोन घ्यायचे बेत असतील तर थांबा.

जोडल्यावर

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबा. चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. यात कधीकधी मॉनिटरवर सगळं धूसर दिसतं, कारण दोघांना एकच मोजमाप वापरावं लागतं. आपल्याला हवं ते ‘एक्स्टेंड’. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतील, ते टेबलावर जसे ठेवलेत तसे सरकवा, नाहीतर माउस उजवीकडे नेला की डावीकडच्या पडद्यावर उगवतो. रेझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं तेच ठेवा. अक्षरं लहान वाटली तर रेझोल्यूशन कमी करू नका, ‘स्केल’ १२५ टक्के करा. प्रत्येक पडद्याचा स्केल वेगळा ठेवता येतो. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर फेकायची तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण. आईला हे एवढं एकच शॉर्टकट मी लिहून दिलं, ते अजून देवघराशेजारच्या कॅलेंडरवर चिकटवलेलं आहे.

पहिल्या दिवशी हमखास ऐकू येणारी तक्रार: “लॅपटॉपचा आवाज गेला!” गेला नाही. एचडीएमआयमधून आवाजही जातो, आणि लॅपटॉप तो मॉनिटरकडे पाठवतोय ज्याला स्पीकरच नाहीत. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवरून परत लॅपटॉपचा स्पीकर निवडा.

व्हिडिओ कॉल करताना कॅमेरा लॅपटॉपवरच असतो. कॉलची खिडकी मोठ्या पडद्यावर ठेवली तर समोरच्याला तुमचा कान दिसतो. कॉल लॅपटॉपवर, टिपणं मॉनिटरवर. आणि स्क्रीन शेअर करताना पूर्ण पडद्याऐवजी फक्त हवी ती खिडकी शेअर करा. मोठ्या पडद्यावर व्हॉट्सॲप फार ठळक वाचता येतं.

लॅपटॉप मिटून फक्त मॉनिटर वापरायचा असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘झाकण मिटल्यावर काही करू नको’ असा पर्याय निवडता येतो. मॅक मिटून वापरायचा असेल तर चार्जर, वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडलेले हवेत. मी तरी झाकण उघडं ठेवते. आत हवा खेळते आणि एक पडदा फुकट मिळतो.

आता उंची, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मॉनिटर हातभर अंतरावर ठेवा आणि वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. फार वर ठेवला तर डोळे जास्त उघडे राहतात आणि लवकर कोरडे पडतात. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली घ्या, कारण जवळचं वाचायची काच चष्म्याच्या खालच्या भागात असते आणि मॉनिटर उंच असला की माणूस हनुवटी वर करून बघायला लागतो. आईच्या बाबतीत नेमकं हेच दिसलं: मान आता मागे जात होती. दिवाळी अंकांचे चार थर काढले तेव्हा जमलं. उंची कमी असणाऱ्यांचे पाय खुर्चीवर बसल्यावर अधांतरी राहतात, त्यांच्या पायाखाली पाट ठेवा. घरात असतोच, नाहीतरी सणावारालाच निघतो.

खिडकी पडद्याच्या मागे किंवा समोर नको, बाजूला असावी. आणि ब्राइटनेस कमी करा. नवे मॉनिटर बहुधा दुकानातल्या झगमगाटात उठून दिसतील इतके उजळ लावून येतात. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा भगभगत असेल तर कागदाशी जुळेपर्यंत उतरवा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघायचं, हे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात ते मॉनिटर मोठा झाला म्हणून टळत नाही. २० फूट म्हणजे आपल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीबाहेर.

विजेचं म्हणाल तर २२-२४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट घेतो. दिवसाला ८ तास आणि महिन्याला २५ दिवस धरले तर ४ युनिट होतात. ८ रुपयांचा दर धरला तर ३२ रुपये. बिलापेक्षा अर्थिंगकडे लक्ष द्या. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग नसण्याची शक्यता मोठी आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून किंवा दोन पिनी अडॅप्टर लावून काम भागवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा. भाड्याच्या घरात मालकाच्या मागे लागायला हे पुरेसं कारण आहे. जिथे वीज जाते तिथे एक लक्षात ठेवा, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर मात्र अंधारतो. काम जात नाही; खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर परत येतात.

आईकडे मॉनिटर येऊन आता तिसरा रिटर्नचा महिना चालू आहे. फोटो डावीकडे, टॅली उजवीकडे. शेक पूर्ण बंद झालाय असं नाही, पण गेल्या महिन्यात ती दोनदाच गेली. दुपारी तिचं काम संपलं की शेजारची अकरावीतली मुलगी तिथे फिजिक्सचे व्हिडिओ बघायला येते. बाबांनीही पेपर मोठ्या अक्षरांत वाचायची सवय लावून घेतलीय, त्यामुळे १० ते १ हा वेळ आईचा, असं टेबलावर लिहून ठेवावं लागलंय.

जुना काचेचा डबा-मॉनिटर माळ्यावर असेल तर तो भंगारवाल्याला फोडू देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, आणि जुन्या एलसीडीच्या दिव्यांत पारा. शहरातल्या अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. नव्या मॉनिटरचा खोका मात्र आतल्या थर्माकोलसकट वर्षभर ठेवा. वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर तोच लागतो, आणि भाड्याने राहणाऱ्यांचं पुढचं शिफ्टिंग कधी येईल सांगता येत नाही.